भेक, काळी पट्टी आणि माझा सेमिनार

एम.एस्सी.ला सेमिनारचा विषय मिळाला: भक्ष्य टिपताना भेकाचा, म्हणजे बेडकाच्या खरखरीत कातडीच्या भाऊबंदाचा, मेंदू काय करतो. पेपर उघडले की टेक्टम, प्रीटेक्टम आणि बाणांच्या आकृत्या; दुसऱ्या पानावर डुलकी ठरलेली. गणपतीला वेंगुर्ल्याला घरी गेलो आणि काम सोपं झालं. पडवीत रात्रभर दिवा, दिव्याखाली किडे, आणि ते खायला भिंतीलगत बसलेला एक गलेलठ्ठ भेक.

योर्ग-पेटर एव्हर्ट या जर्मन शास्त्रज्ञाचा प्रयोग घरी जमण्यासारखा होता. मखराच्या उरलेल्या काळ्या कार्डशीटची अरुंद पट्टी कापली, टोकाला दोरा बांधला आणि लादीवरून लांबीच्या दिशेने हळूहळू ओढली. भेक वळला. दोन पावलं पुढे आला, मान खाली घातली, मागच्या पायाचं लांब बोट थरथरायला लागलं, आणि फटकन जीभ! मग दोरा मधोमध बांधून तीच पट्टी आडवी सरकवली. ढिम्म हलला नाही.

"कित्याक छळतंस रे तेका?" आजी दारातून ओरडली. खरा किडा त्याच्यापुढे ढकलला तेव्हाच आत गेली.

त्या रात्रीनंतर पेपर कळायला लागले. टेक्टम म्हणजे मध्यमेंदूचं छत. डाव्या डोळ्याचे तंतू मुख्यतः उजव्या बाजूला जातात, उजव्याचे डावीकडे. तिथल्या 'टी ५.२' नावाच्या चेतापेशी लांबीच्या दिशेने सरकणाऱ्या पट्टीला जोरात प्रतिसाद देतात, आडवीला फारच कमी. मला सगळ्यात आवडला तो प्रीटेक्टम, टेक्टमच्या लगेच पुढचा मेंदूचा भाग. तो टेक्टमला आवरून धरतो. प्रीटेक्टमला इजा केली की भेक हलणाऱ्या कशावरही झेपावतो, अगदी प्रयोग करणाऱ्याच्या हातावरही. म्हणजे किडा ओळखण्यात 'हे खायचं नाही' हे कळणंही आलंच. पुस्तकं हा भाग चार ओळींत उरकतात, का कोण जाणे.

सेमिनार ठीक झाला. शेवटी सरांनी विचारलं, "नेम चुकत राहिला तर बेडूक सरावाने सुधारतो का?" रॉजर स्पेरी या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाचं काम सांगितलं: १९४०च्या दशकात त्यांनी बेडकांचे डोळे १८० अंशांत फिरवले. माशी वर असली की बेडूक खाली झेप घ्यायचा, आणि ती चूक त्याने कधीच सुधारली नाही.

सर म्हणाले, "घरच्या भेकाचे डोळे नाही ना फिरवलेस?"