बोर्डामागची भिंत

१४ मे, रात्री

आईच्या खोलीची पश्चिमेची भिंत आज झाकली: आत उष्णता अडवणारं रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची गादी), वर कागद चढवलेला जिप्समचा बोर्ड. खिडकीजवळचा पट्टा तेवढा उद्यावर गेला.

पार्ल्याच्या या इमारतीत आमचं घर सगळ्यात वर, डोक्यावर थेट गच्ची. एप्रिल-मेमध्ये ही खोली दुपारी तापते हे समजू शकतं, पण रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर ऊब लागायची. विटा आणि काँक्रीट दिवसभराचं ऊन साठवून ठेवतात आणि माणसं झोपायला गेली की खोलीत सोडतात. पंखा तीच हवा फिरवत राहतो. आई कधी तक्रार करत नाही, मुकाट्याने चटई उचलून हॉलमध्ये येते. या वयात तिने जमिनीवर झोपू नये, त्यासाठी हे काम काढलं.

पण सुरुवात गच्चीपासून करावी लागली. ब्रिकबॅट कोब्याला (विटांच्या तुकड्यांच्या जलरोधक थराला) भेगा गेल्या होत्या आणि दर पावसाळ्यात याच भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात ओल उतरायची. गच्चीची गळती सोसायटीनेच दुरुस्त करायची असते, तरी दादा कमिटीच्या मागे लागला म्हणून थंडीत ते काम झालं. वर पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे) बसला, त्याने थोडं ऊनही परततं. मग बाहेरच्या भेगा बुजवून वॉटरप्रूफ रंग दिला, आतला पोपडे धरलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून नवा केला. आणि भिंत वाळेपर्यंत थांबलो.

हे थांबणं ठेकेदाराला पटेना. “ताई, वरून बोर्डच लागणार ना, आतलं कोण बघतंय?” मला भीती नेमकी त्याचीच होती. उघड्या भिंतीवर डाग पडला तर निदान दिसतो. बोर्डामागे तो गुपचूप पसरतो. रॉकवूल भिजलं की त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची जागा पाणी घेतं आणि उष्णता अडायची थांबते. बोर्डाच्या कागदावर बुरशी चढते. आईला दमा आहे. म्हणून भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने डकवून ठेवला. आधी त्याच्या आतल्या बाजूला थेंब धरायचे. तो पूर्ण कोरडा निघाला, तेव्हाच जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्ट्यांची चौकट उभी करू दिली.

मिस्त्रीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात बोर्ड मारण्याआधी आतून सगळीकडे प्लॅस्टिकचा कागद ताणला होता. आपणही तसंच करू म्हणाला. ते घर बर्फाच्या देशातलं. तिथे घरातली उबदार, दमट हवा थंड भिंतीकडे जाते, म्हणून तिला आतूनच अडवतात. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवा बाहेर असते, आणि खोलीत एसी लावला तर आतली बाजू थंड. बाष्प बाहेरून आत येतं, आणि आतल्या बाजूला प्लॅस्टिक असेल तर त्याच्यामागे त्याचं पाणी होतं. त्याला कागदावर रेघा मारून समजावलं. पटल्यावर रॉकवूलची चंदेरी बाजू त्याने स्वतःच बाहेरच्या भिंतीकडे केली. व्हायनिलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, वॉलपेपरही याच कारणाने नको म्हटलं.

रॉकवूल ५० मिमीचं. एवढीशी जाडी उष्णता अडवण्यात जवळजवळ मीटरभर विटांच्या भिंतीइतकी ठरते. ते दाबून कोंबायचं नाही, पट्ट्यांमधल्या मापापेक्षा किंचित मोठं कापायचं म्हणजे आपोआप धरून राहतं. त्यावर साडेबारा मिमीचा बोर्ड. सगळं मिळून खोलीचे तीन इंच गेले. दहा बाय बाराच्या खोलीत तीन इंच कमी नाहीत, आईचं लाकडी कपाट दाराआड बसतं का हे आधी दोनदा मोजून पाहिलं.

दादाला प्लायचं पॅनेलिंग हवं होतं. पण आईचं देवघर याच भिंतीवर आणि तिथे संध्याकाळी निरांजन लागतं. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी स्फटिकात बांधलेलं असतं, त्यामुळे हा बोर्ड आगीला बराच वेळ दाद देत नाही. देवघराचं वजन मात्र नुसत्या बोर्डावर टांगता येत नाही. नेमक्या त्या जागी आत १८ मिमी प्लायचा तुकडा पट्ट्यांना स्क्रूने घट्ट केला. बोर्ड लावण्याआधी त्याची उंची आईलाच उभं करून ठरवली. तिचा हात सहज पोचला पाहिजे. सगळ्या मापांचे फोटो काढून ठेवलेत.

बोर्ड लादीपासून सेंटिमीटरभर वर उचलून लावलाय, रोजच्या फरशी पुसण्याचं पाणी तो शोषून घेऊ नये म्हणून. ती फट स्कर्टिंगमागे जाईल.

उद्या खिडकीचा पट्टा, मग सांध्यांवर पेपर टेप आणि कंपाउंडचे (सांधे भरायच्या लुगदीचे) हात. प्रत्येक हात वाळल्याशिवाय पुढचा नाही. मुंबईत पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला पोचतो, तेव्हा घाई करायचं कारण नाही. लोकलचा आवाज मात्र मुख्यतः खिडकीतूनच येतो, भिंतीने तो फारसा कमी होणार नाही. जाड काच आणि झडपांना रबराची पट्टी यांचा भाव उद्या काचवाल्याकडून घ्यायचा.