मोफत डीएनएसची निवड : पहिल्या क्रमांकाचा पुरवठादार बाद

डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी व्यवस्था. माझ्या डोमेनसाठी ती पुरवणाऱ्या सेवांची तुलना मागच्या नोंदीत एका तक्त्यात केली होती. त्यात ज्या पुरवठादाराला सर्वाधिक गुण मिळाले होते, तो आता यादीतून बाद झाला आहे. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही; साध्या संकेतस्थळासाठी त्याची मोफत सेवा आजही चांगली आहे आणि पुढे सांगितलेली अडचण घरी सर्व्हर चालवणाऱ्यांखेरीज फारशी कोणाला जाणवणार नाही. आपल्या कामात मात्र ती नेमकी प्रमाणपत्राच्या (सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या डिजिटल दाखल्याच्या) नूतनीकरणात आडवी येते, आणि त्यापुढे चार नेमसर्व्हर (डोमेनविषयीच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सर्व्हर), सुटसुटीत पॅनेल, डीएनएसमधील नोंदींच्या संख्येवर मर्यादा नसणे हे सगळे गुण फिके पडतात.

मांडणी पूर्वीचीच आहे. घरची जोडणी सीजीनॅटमागे (एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे) असल्यामुळे आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीवरून बाहेरचा कोणी पोर्ट ८० पर्यंत, म्हणजे वेबच्या नेहमीच्या दारापर्यंत, पोहोचू शकत नाही. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर वाट मोकळी करता आली असती. पण प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र घेतले, तर घरातील प्रत्येक यंत्राचे नाव सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या सार्वजनिक नोंदवह्यांत कायमचे जाऊन बसते, आणि ते मला नको आहे. तेव्हा मूळ डोमेन आणि वाइल्डकार्ड (त्याखालील सर्व उपनावांना लागू होणारे नाव) अशी दोन नावे असलेले एकच प्रमाणपत्र हवे. मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मार्च २०१८ मध्ये वाइल्डकार्ड प्रमाणपत्रे सुरू केली, तेव्हापासून त्यांच्यासाठी डीएनएस-०१ ही (डोमेनच्या डीएनएसमध्ये ठरावीक नोंद लिहून ताबा सिद्ध करण्याची) पडताळणी बंधनकारक आहे. म्हणजे डीएनएस पुरवठादाराच्या एपीआयशी (स्क्रिप्टमधून नोंदी बदलण्याच्या सोयीशी) गाठ ठरलेलीच.

आता मुख्य दुखण्याकडे वळतो. नूतनीकरणात दोनपैकी एक नाव उत्तीर्ण होई आणि दुसरे नापास. आणि नापास होणारे नाव दर वेळी तेच नसे. त्रुटीच्या संदेशात टीएक्सटी (मजकूर साठवणारी) नोंद सापडत नाही असे म्हटलेले नव्हते. नोंद सापडली, पण तिच्यातील किंमत अपेक्षित नाही, असे म्हटले होते. हा फरक महत्त्वाचा होता, कारण नोंद पोहोचलीच नसती तर संशय थेट एपीआयवर गेला असता. मूळ डोमेन आणि वाइल्डकार्ड या दोघांची पडताळणी ॲक्मे-चॅलेंज (ॲक्मे ही प्रमाणपत्र मागण्याची पद्धत) या एकाच नावाखाली होते, त्यामुळे त्या नावावर एकाच वेळी दोन वेगवेगळ्या किमती असाव्या लागतात. पुरवठादाराचा एपीआय दुसरी किंमत लिहिताना पहिल्या किमतीत भर घालत नव्हता, ती पुसून टाकत होता. दस्तऐवजात याचा उल्लेख कोठेही नाही. दोन्ही किमती एकाच विनंतीत पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि पॅनेलमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी दिसू लागल्या, तेव्हा प्रश्न सुटला असेच वाटले.

तो सुटला नव्हता. नापासांचे प्रमाण कमी झाले, इतकेच. घरून डिग हे डीएनएसला प्रश्न विचारणारे साधन चालवून चारही नेमसर्व्हरना थेट विचारले असता दोन्ही किमती व्यवस्थित येत होत्या, आणि त्याच मिनिटाला लेट्स एन्क्रिप्ट मात्र जुनी किंमत दिसत असल्याची तक्रार करत होते. (येथे एक सूचना. अशी तपासणी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या सार्वजनिक रेजॉल्व्हरमार्फत (आपल्या वतीने उत्तर शोधून ते साठवणाऱ्या सर्व्हरमार्फत) कधीही करू नये. नोंद तयार होण्याआधी विचारले तर ‘असे नाव नाही’ हे उत्तरही रेजॉल्व्हर साठवून ठेवतो. आरएफसी २३०८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) प्रमाणे त्याची मुदत एसओए या झोनच्या (डोमेनच्या सर्व नोंदींच्या संचाच्या) प्रमुख नोंदीवरून ठरते आणि तोवर आपण नसलेल्या चुका शोधत बसतो.) दर फेरीत लेट्स एन्क्रिप्टच्या खऱ्या सर्व्हरवर प्रयोग करणेही शक्य नव्हते, कारण एका नावासाठी एका खात्यातून तासाला पाच अपयशांनंतर दार बंद होते. त्यामुळे पुढचे सगळे प्रयोग स्टेजिंगवर, म्हणजे त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर, केले.

गुंता उलगडला तो फ्रँकफर्टमधील माझ्या व्हीपीएसवरून (भाड्याच्या आभासी सर्व्हरवरून) तोच प्रश्न विचारल्यावर. तेथून जुनीच किंमत येत होती आणि एसओएमधील, दर बदलागणिक वाढणारा अनुक्रमांकही घरून दिसणाऱ्या अनुक्रमांकापेक्षा मागे होता. पुरवठादाराचे चारही नेमसर्व्हर एनीकास्टवर आहेत, म्हणजे एकाच पत्त्यामागे जगभर पसरलेली अनेक यंत्रे असतात आणि आपल्याला जवळचे यंत्र उत्तर देते. कोणत्या यंत्राने उत्तर दिले हे कळण्यासाठी डिगला एनएसआयडीचा पर्याय जोडला. आरएफसी ५००१ मधील ही सोय फार कमी जण वापरतात, पण अशा वेळी तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. घरून, म्हणजे पुण्यातून, विचारले की मुंबईच्या यंत्राचे नाव आणि नवी किंमत, व्हीपीएसवरून विचारले की फ्रँकफर्टच्या यंत्राचे नाव आणि जुनी किंमत. दोन खिडक्या शेजारी ठेवून हे पाहताना जे समाधान मिळाले, ते प्रमाणपत्र मिळाल्याच्या आनंदाहून कमी नव्हते. फ्रँकफर्टचे यंत्र भानावर यायला कधी काही सेकंद, तर कधी कित्येक मिनिटे घेत होते. लेट्स एन्क्रिप्ट फेब्रुवारी २०२० पासून एकाच वेळी वेगवेगळ्या नेटवर्कमधून पडताळणी करत असल्यामुळे, जगातील एखादा कोपरा मागे राहिला तरी आपण नापास होऊ शकतो.

यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्ये दहा मिनिटांची विश्रांती टाकणे. तो चालतो, पण मला पटत नाही. किती थांबावे याचा आधार अंदाजाखेरीज काहीच नसतो आणि ज्या दिवशी अंदाज हुकतो त्या दिवशी आपण नेमके प्रवासात असतो. हवी आहे ती अशी सेवा, जी बदल सर्वत्र पोहोचल्याचे स्वतःहून सांगेल. ॲमेझॉनच्या रूट ५३ मध्ये ही सोय आहे. तेथे प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतो, त्याची स्थिती आधी प्रलंबित दिसते आणि सर्व नेमसर्व्हरवर बदल पोहोचला की ‘इनसिंक’ होते. प्रमाणपत्र मागणाऱ्या स्क्रिप्टने तेवढीच वाट पाहायची. शुल्क दरमहा दर झोनला अर्धा डॉलर आणि दर दहा लाख प्रश्नांमागे चाळीस सेंट, म्हणजे आपल्या वापरात वर्षाला सहा डॉलर आणि वर कर. गुगल क्लाउड डीएनएस त्याहून स्वस्त, दर झोनला महिन्याला वीस सेंट. या दोन्ही सेवा मागच्या तक्त्यात ‘मोफत नाहीत’ या एका कारणामुळे तळाशी गेल्या होत्या. तो निकष आता मला बालिश वाटू लागला आहे, तरी छंदासाठी कार्डावर कायमचे आवर्ती बिल लावून ठेवण्याची माझी नाखुषी कायम आहे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ रोजी लागू झाले, तेव्हा परदेशी सेवांची बिले कशी अडकली होती हे येथील अनेकांना आठवत असेल.

क्लाउडफ्लेअरची शिफारस मागच्या नोंदीनंतर बहुतेकांनी केली. वेगाबद्दल वाद नाही, झोन फाइल निर्यात करता येते आणि मूळ डोमेनवर सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) ठेवण्याची अडचणही ते सपाटीकरणाने सोडवतात. माझा आक्षेप टोकनच्या, म्हणजे एपीआयच्या किल्लीच्या, व्याप्तीला आहे. टोकन एका झोनपुरते मर्यादित करता येते, पण त्या झोनमधील एका नावापुरते करता येत नाही. म्हणजे जिन्याखालच्या मिनी पीसीवर ठेवलेली किल्ली कोणाच्या हाती लागली, तर ईमेलच्या एमएक्स नोंदींसकट सगळा झोन त्याच्या हाती जातो. त्या बाबतीत बर्लिनची डीसेक ही ना-नफा संस्था फार विचारपूर्वक काम करते. तिच्या टोकनला डोमेन, उपनाव आणि नोंदीचा प्रकार या तिन्ही पातळ्यांवर कुंपण घालता येते, डीएनएससेक (उत्तरांवर डिजिटल सही करण्याची पद्धत) आपोआप लागू असते आणि सेवा देणग्यांवर चालते. तिचा किमान टीटीएल (उत्तर साठवून ठेवण्याची मुदत) साधारणपणे ३६०० सेकंद असतो. घरच्या बदलत्या पत्त्यासाठी तो गैरसोयीचा आहे. चॅलेंजच्या नोंदीसाठी मात्र त्याने काही बिघडत नाही, कारण तेथे दर वेळी नवी किंमत विचारली जाते ती थेट अधिकृत सर्व्हरला.

एवढे लिहून झाल्यावर, म्हणजे ही नोंद अर्धी तयार असताना, आराखडा बदलला. मुख्य झोन आणि चॅलेंजचे नाव यांचा मुक्काम एकाच ठिकाणी असलाच पाहिजे असे कोठे आहे? चॅलेंजच्या नावावर सीनेम ठेवून ते दुसऱ्या झोनकडे वळवण्याची युक्ती परिचित आहे आणि लेट्स एन्क्रिप्ट तो सीनेम पाळते. डीसेकवर केवळ चॅलेंजसाठी छोटा झोन उघडावा, असा पहिला विचार होता. पण मग लक्षात आले की फ्रँकफर्टचा व्हीपीएस तसाही चालू आहे, आणि त्यावर एकच अधिकृत नेमसर्व्हर असेल तर पसरण्याचा प्रश्नच उरत नाही. जेथे लिहायचे तेथूनच वाचले जाईल. सीनेमऐवजी चॅलेंजचे नाव हाच एक स्वतंत्र उपझोन मानून त्याची एनएस नोंद (नेमसर्व्हर कोणता हे सांगणारी) व्हीपीएसकडे वळवली. जुन्या पुरवठादाराच्या पॅनेलने अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या नावावर एनएस नोंद मुकाट्याने स्वीकारली, ही अनपेक्षित भेट. दोन पॅनेलनी हीच गोष्ट पूर्वी अवैध नाव म्हणून नाकारली होती.

व्हीपीएसवर बाइंड ९ हा नेमसर्व्हर बसवला आहे. एनएसडी हा दुसरा नेमसर्व्हर मला जास्त आवडतो, पण आरएफसी २१३६ मधील गतिमान बदल तो स्वीकारत नाही आणि येथे सगळी भिस्त त्यावरच आहे. बदलाच्या विनंतीवर सही करणाऱ्या टीसिग किल्लीला बाइंडच्या धोरणातून फक्त त्या एका नावावरील टीएक्सटी नोंद बदलण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे मिनी पीसीवरील किल्ली चोरीला गेली तरी चोराला ईमेलच्या नोंदींना हात लावता येणार नाही. अर्थात चॅलेंज त्याच्या हाती असेल तर तो प्रमाणपत्र मिळवू शकतो. म्हणून मुख्य झोनमध्ये सीएए नोंद (प्रमाणपत्र कोणी द्यावे हे सांगणारी) टाकून तिच्यात फक्त माझ्या ॲक्मे खात्याला परवानगी दिली आहे. असे करणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. रिकर्शन (इतरांसाठी दुसऱ्या डोमेनची उत्तरे शोधून देणे) पूर्ण बंद असावे, नाहीतर आपला सर्व्हर दुसऱ्यांवरच्या हल्ल्यांत वापरला जातो. आणि पोर्ट ५३ यूडीपीबरोबर टीसीपीवरही उघडे असावे.

पहिली फेरी स्टेजिंगवर, लगेच दुसरी खऱ्या सर्व्हरवर, आणि दोन्ही वेळा दोन्ही नावे कोणत्याही विश्रांतीशिवाय उत्तीर्ण झाली. लॉगमधील त्या दोन ओळी मी पुनःपुन्हा वाचल्या हे सांगायला संकोच वाटत नाही. एकच नेमसर्व्हर म्हणजे बिघाडाची एकच जागा, हा आक्षेप येईल. पण व्हीपीएस बंद पडला तर केवळ नूतनीकरण थांबते, आणि नव्वद दिवसांचे प्रमाणपत्र साठाव्या दिवशी बदलायला घेतले तर दुरुस्तीला महिनाभर मिळतो.

यातून मुख्य झोनची निवड एकदम सोपी झाली, कारण आता त्याच्या पुरवठादाराकडून एपीआयची अपेक्षाच उरलेली नाही. आणि येथे आराखडा पुन्हा एकदा हलला आहे. बाइंड चालूच आहे, तर मुख्य झोनचाही मूळ सर्व्हर तोच का नसावा? हरिकेन इलेक्ट्रिक ही कंपनी पन्नास डोमेनपर्यंत मोफत डीएनएस देते आणि दुय्यम सर्व्हर (मूळ सर्व्हरवरून झोनची प्रत घेणारा) म्हणूनही काम करते. तिचे पॅनेल पाहिले की वीस वर्षे मागे गेल्यासारखे वाटते, पण झोन बाहेरून ओढून घेण्याची सोय मोफत देणारे फार थोडे उरले आहेत. व्हीपीएसचे नाव मुख्य झोनच्या स्वतःच्या एनएस नोंदींत न येता तो पडद्याआड राहील, जगाला उत्तरे हरिकेन इलेक्ट्रिकचे नेमसर्व्हर देतील आणि झोन फाइल माझ्या गिट भांडारात (फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात) राहील. उद्या ही मोफत सेवा आटोपली, तर दुय्यम सर्व्हरचा पत्ता आणि रजिस्ट्रारकडील (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडील) एनएस नोंदी बदलणे एवढेच काम उरेल. डाइन (Dyn) या कंपनीने एव्हरीडीएनएस ही सेवा विकत घेऊन बंद केली आणि पुढे २०१४ मध्ये स्वतःची मोफत सेवाही थांबवली, तेव्हा ज्यांना एकेक नोंद हाताने उतरवून घ्यावी लागली, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

पुढचा क्रम असा ठरवला आहे. आधी झोनचे हस्तांतर आणि नोटिफाय (बदल झाल्याची दुय्यम सर्व्हरला सूचना) सुरळीत चालतात का ते एका बिनमहत्त्वाच्या डोमेनवर पाहायचे, त्यासाठी दुय्यम सर्व्हर आणि बाइंड यांच्या एसओए अनुक्रमांकांची तुलना करणारी स्क्रिप्ट तयार आहे आणि तिच्यात एनएसआयडीही नोंदवले जाते. मग मुख्य डोमेनचे एनएस बदलायचे. जुन्या पुरवठादाराकडील झोन जुन्या एनएस नोंदींचा टीटीएल पूर्ण संपेपर्यंत तसाच ठेवायचा, आणि चॅलेंजची एनएस नोंद दोन्हीकडे सारखीच ठेवायची, म्हणजे मधल्या काळात नूतनीकरण आले तरी अडणार नाही. डीएनएससेकची सही बाइंडमध्येच करायची आहे. डीएस नोंद (त्या सहीची खूण वरच्या झोनमध्ये ठेवणारी) मात्र सगळे स्थिरावल्यावर सर्वांत शेवटी, कारण माझ्या रजिस्ट्रारच्या पॅनेलमधील सहीच्या अल्गोरिदमच्या यादीत मला हवा असलेला १३ हा क्रमांकच नाही आणि त्यासाठी मदत केंद्राकडे तक्रार टाकून ठेवली आहे. त्यांचे उत्तर आले की पुढची नोंद लिहीन.