विसावी टाचणी

पोळ्याला चार दिवस राहिले होते. अमळनेरला माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको चालतंच, पण जीव रमतो तो तान्ह्या बाळांची कापडी खेळणी शिवण्यात. पारोळ्याकडच्या एका मावशींनी आठ महिन्यांच्या नातवाच्या पहिल्या पोळ्यासाठी बैलजोडी सांगितली होती. आत भरायला घरच्या शेतातला कापूस, सरकी काढून पिंजलेला, त्यांनीच आणून दिला. कापूस धुतला की त्याच्या गाठी होतात, आतून लवकर वाळतही नाही, म्हणून एरवी मी फायबर भरते. पण घरच्या कापसाला नाही म्हणवेना.

मांजरपाट आधी भिजवून आटवून घेतलं. झुलीचं लाल कापड ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहिलं, रंग सुटत नव्हता. डोळे दोऱ्याने भरले, वेसण साखळी टाक्याची. मावशींना गळ्यात घुंगरू हवे होते. तेवढं मी ऐकलं नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा सुटा भाग घशात अडकेल का हे तपासायच्या ३१.७ मिलीमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पुरता मावला, तर ते खेळणं चालत नाही. घुंगरू कितीसा असतो!

संध्याकाळी मावशी जोडी न्यायला आल्या. मी टाचण्या मोजून काढते आणि मोजूनच उशीत खोचते. वीस काढल्या होत्या, उशीत एकोणीस.

पुन्हा मोजल्या. एकोणीसच. मशीनखाली पाहिलं, चिंध्या झटकल्या, केरसुणी फिरवली. शेजारच्या रेडिओवाल्या दादांकडून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणून फरशीवर, मग दोन्ही बैलांवरून फिरवलं. काही हाती लागलं नाही.

"काय व्हयनं वं माय?" मावशींनी विचारलं. बसची वेळ झाली होती. सांगताना माझा आवाज कापत होता. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "मन्हा नातू समदं तोंडमा घालस," एवढंच म्हणाल्या आणि पहिला बैल माझ्या पुढ्यात सरकवला.

पोटाची शिवण उसवली. मी चिमटीने कापूस काढायची, मावशी तो मांडीवरच्या पदरावर पिंजून बघायच्या. पहिल्या बैलात काही नव्हतं. दुसऱ्याचं पोट रिकामं झालं, मान झाली. वशिंड मी फार गच्च भरलं होतं. तिथला बोळा मावशींनी दोन्ही हातांनी उकलला आणि थांबल्या. आत आडवी, मोहरीएवढ्या मुंडीची टाचणी.

मला रडू आवरेना. वशिंड जोडताना आतल्या बाजूने लावलेली टाचणी काढायची राहिली होती, चूक माझीच. आता खेळण्याला टाचणी लावतच नाही, कच्चा टाका घालते, वेळ लागला तरी.

दोन्ही पोटं पुन्हा भरून दुहेरी शिवेपर्यंत दिवे लागले. बैल पिशवीत घालण्याआधी मावशींनी माझी उशी ओढून घेतली आणि एकेका टाचणीवर बोट ठेवत वीस मोजल्या.