भर दुपारचं काम: बेळगाव परिसरात इन्फ्रारेड फोटोग्राफीची सुरुवात करताना आलेला माझा अनुभव

फोटोग्राफी शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच सांगितलं जातं की सूर्य डोक्यावर आला की कॅमेरा बॅगेत घालायचा. उजेड कडक, सावल्या काळ्याकुट्ट, आकाश फिकट, त्यामुळे फोटो पहाटे नाहीतर सांजवेळी काढावेत. माझी अडचण अशी की मला मोकळा वेळ मिळतो तो नेमका दुपारी. आठवडाभर बँक, रविवारी सकाळी बाजार, सासूबाईंची औषधं, स्वयंपाक. जेवणं आटोपून घराबाहेर पडेपर्यंत एक वाजून जातो. राजहंसगडावरचा सूर्योदय टिपायला माझ्यासारखीला जमणं कठीण. इन्फ्रारेडकडे मी वळले ते ह्या दुपारसाठी. हा प्रकार कडक उन्हावरच चालतो. ऊन जेवढं थेट, तेवढा फोटो खुलतो.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. लाल टोकाच्या पलीकडे अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, किरण सुरू होतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली प्रिझममधून पडलेल्या रंगपट्ट्यात, लाल रंगाच्याही पुढच्या अंधाऱ्या जागेत थर्मामीटर ठेवला आणि पारा चढलेला पाहिला, तिथून त्यांचा शोध लागला. डिजिटल कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉनला जवळपास १,१०० नॅनोमीटरपर्यंतचं ‘दिसतं’. म्हणजे प्रत्येक कॅमेरा मुळात इन्फ्रारेड टिपू शकतो. पण त्यामुळे नेहमीच्या फोटोतले रंग बिघडतात, म्हणून कंपन्या सेन्सरसमोर हे किरण अडवणारी काच बसवतात. ही काच किती कडक आहे ह्यावर आपलं पुढचं सगळं अवलंबून असतं. अनेक जण ह्याची गल्लत शरीराची उष्णता दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याशी करतात. ते किरण ८,००० नॅनोमीटरच्या पुढचे, त्यांचं तंत्र वेगळं आणि यंत्रही वेगळं. आपण टिपतो ते सूर्याचेच किरण, वस्तूवर आपटून परत आलेले.

आपल्या कॅमेऱ्यातली काच किती कडक आहे हे बघायला टीव्हीचा रिमोट पुरतो. खोलीत अंधार करायचा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरायचं, बटण दाबून ठेवायचं आणि दोन-तीन सेकंदांचा फोटो घ्यायचा. रिमोटच्या टोकाचा दिवा फोटोत लख्ख उजळला तर काच सैल आहे, बारीक ठिपका आला तर कडक. घरात दोन कॅमेरे होते: ह्यांचा नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) आणि कपाटात पडून असलेला निकॉन डी७०, म्हणजे आरशाचा डीएसएलआर. २००४ सालचा, ६ मेगापिक्सेलचा, कुणी फुकट दिला तरी आज घेणार नाही असा. नव्या कॅमेऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आला. डी७०मध्ये रिमोटचं अख्खं तोंड उजळून निघालं. त्या काळातल्या कित्येक कॅमेऱ्यांत ही काच ढिली असायची. तेव्हा ज्यांच्या घरी जुना डीएसएलआर धूळ खात पडलाय, त्यांनी तो विकायच्या आधी रिमोट एकदा दाबून बघावा, असं मी कळकळीने सांगेन.

मग फिल्टर. तो दिसायला काळा ठिक्कर असतो, उजेडाकडे धरला तरी जेमतेम गडद लालसर झाक दिसते. ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण तिथून पुढचेच किरण आत सोडणारा, घ्यावा. सुरुवातीला तोच बरा, कारण तो टोकाच्या लाल प्रकाशाचा थोडासा अंश आत सोडतो आणि त्यातून पुढे रंगांशी खेळता येतं. ८५० नॅनोमीटरचा फिल्टर निव्वळ कृष्णधवल चित्र देतो आणि वेळही जास्त खातो. होयाचा आर७२ हा नावाजलेला, पण स्वस्तातलेही चालतात. बेळगावात काउंटरवर हा फिल्टर मला मिळाला नाही, ऑनलाइन मागवला. घेताना आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या तोंडाच्या लेन्सच्या मापाचा घ्यावा, लहान लेन्सला तो बसवायला स्टेप-अप रिंग (जोडकडी) लावता येते. माझ्या १८-७० लेन्सच्या तोंडाचं माप ६७ मिलिमीटर आहे.

फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये मिट्ट काळोख. म्हणून डीएसएलआरवर कामाचा क्रम ठरलेला असतो, आणि तो मला येळ्ळूरच्या शिवारात उभं राहून हातवळणी पडला. ट्रायपॉड बांधावर घट्ट रोवायचा. फिल्टर न लावता चौकट ठरवायची, फोकस करायचा, मग फोकस मॅन्युअलवर टाकून फिल्टर हलक्या हाताने फिरवत बसवायचा. इन्फ्रारेडचा फोकस नेहमीच्या जागी पडत नाही, किंचित सरकतो. जुन्या लेन्सवर अंतराच्या आकड्यांशेजारी त्यासाठी लाल ठिपका किंवा रेघ असते. खूण नसेल तर वाइड अँगल ठेवून लेन्सचं छिद्र एफ/८ एवढं लहान करावं (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), फरक त्यात झाकला जातो. लाइव्ह व्ह्यूच्या, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दृश्य दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यावर फिल्टर लावूनही फोकस करता येतो, ती मोठी सोय आहे. फोटो घेताना व्ह्यूफाइंडर झाकायचा, नाहीतर मागून उजेड शिरतो. शटर टायमरवर. आणि एक गोष्ट जिवावरची: फिल्टर लावून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीही बघू नये. दिसणारा उजेड अडलेला असतो म्हणून डोळा मिटत नाही, पण न दिसणारे किरण थेट आत जातात.

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ/८, कडक ऊन, एवढ्यावर डी७०ला सेकंदभराच्या आसपास एक्सपोजर, म्हणजे शटर उघडं ठेवणं, पुरतं. नव्या कॅमेऱ्याला तेवढ्याच उन्हात अर्धं मिनिट ते काही मिनिटं लागू शकतात, आणि तेवढ्या वेळात उसाची पानं वाऱ्याने पार पुसून जातात. वारा पडायची वाट बघावी, नाहीतर पानांची ती धुरकट हालचालच चित्रात घ्यावी. मला ती भाताच्या शेतात आवडते, झाडांत नाही.

त्या दिवशी बांधावर डोक्यावर पदर घेतलेल्या एक मावशी वैरणीचा भारा टेकवून थांबल्या.

“बाई, ह्या उन्हात काय करायलाय?”

“फोटो काढतेय मावशी, ह्या रानाचा.”

“एवढ्या उन्हात? सांजच्याला यायचं की.”

मी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली. समोर हिरवंगार भात, मागे गडाचा डोंगर, आणि स्क्रीनवर सगळं भात पांढरंशुभ्र, बांधावरचा आंबाही पांढरा, वरचं आकाश तांबूस-तपकिरी, डोंगराची कडा कापून काढल्यासारखी स्वच्छ. मावशींनी पदराने स्क्रीनवर सावली धरून नीट पाहिलं. “बर्फ पडलाय जणू. आणि खडक तसाच राहिलाय बघा.” त्यांची नजर पक्की होती. पांढरं होतं ते जिवंत पान. खडक आणि ओली माती काळपटच राहतात.

पान पांढरं का दिसतं, ह्याचं कारण पुष्कळजण हरितद्रव्यात शोधतात. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खाऊन टाकतं, पण अवरक्त किरणांना ते अडवतच नाही. किरण पानाच्या आत शिरतात, तिथल्या सैल पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवर पुन्हा पुन्हा आपटून विखुरतात आणि मोठ्या प्रमाणात बाहेर परततात. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले, त्यांच्या नावावरून ह्याला वुड परिणाम म्हणतात. १९८८ साली सोडलेल्या आयआरएस-१ए पासून आपले उपग्रहही पिकं ओळखायला जवळच्या अवरक्ताचा पट्टा वापरत आले आहेत. माझे फोटो बघून एका नात्यातल्या काकांनी उसाला रोग आहे का ते सांग म्हणून विचारलं. सांगता येत नाही. उपग्रहवाले लाल आणि अवरक्त दोन्ही पट्टे मोजून त्यांची तुलना करतात, माझ्याकडे एकच चित्र आणि एक्सपोजर मी ठरवलेलं.

व्हाइट बॅलन्सचं, म्हणजे पांढरं काय धरायचं ते कॅमेऱ्याला सांगण्याचं, काम शेतातच उरकावं. फिल्टर लावलेल्या अवस्थेत उन्हातल्या दाट हिरव्या गवतावर कॅमेरा धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्यायचा. तो घेतला नाही तर स्क्रीनवर सगळंच लालभडक दिसतं आणि काय आलंय ते कळत नाही. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीतच, हवा. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा मिळून एकच दाखवणारा कॅमेरा असेल तर एक्सपोजर थोडं हात राखून द्यावं, कारण लाल चॅनल (लाल रंगाची नोंद) हिरव्या-निळ्याच्या आधी भरून वाहतो आणि त्या एका आलेखात ते लपून राहतं.

घरी आल्यावरची प्रक्रिया मात्र मला शेतातल्यापेक्षा जड गेली. लाइटरूम ह्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सचं रंगतापमान २,००० केल्विनखाली जात नाही आणि इन्फ्रारेडला त्याहून खाली जावं लागतं, त्यामुळे कॅमेऱ्यात पांढरं दिसलेलं पान तिथे पुन्हा लाल होतं. त्यासाठी वेगळं प्रोफाइल बनवावं लागतं. मी रॉथेरपी ह्या सॉफ्टवेअरवर गेले. मोफत आहे आणि चित्रातल्याच पानावर टिचकी मारून व्हाइट बॅलन्स घेता येतो. मग गिंप किंवा फोटोशॉपमध्ये चॅनल मिक्सर, म्हणजे रंगांच्या नोंदी आपसात मिसळायची सोय. लाल चॅनलमध्ये लाल ०, निळा १००. निळ्या चॅनलमध्ये निळा ०, लाल १००. एवढी अदलाबदल केली की तांबूस आकाश गडद निळं होतं आणि झाडं पांढरी राहतात. त्यामागचा हिशेबही साधा आहे. ७२० नॅनोमीटरच्या जवळचा प्रकाश मुख्यतः लाल पिक्सेल टिपतात, त्याहून लांबचा प्रकाश तिन्ही रंगांचे पिक्सेल जवळपास सारखाच टिपतात. पानांकडून लांबचा भरपूर येतो म्हणून ती रंगहीन होतात, आकाशात जवळचा तुलनेने जास्त म्हणून ते लालसर. मला स्वतःला निम्म्याहून अधिक फोटो कृष्णधवलच आवडतात. निळं आकाश-पांढरं झाड पहिले काही दिवस वेड लावतं, नंतर डोळा दगडाच्या पोताकडे आणि ढगांकडे वळतो.

लेन्सचीही परीक्षा घ्यावी लागते. काही चांगल्या लेन्स इन्फ्रारेडमध्ये चित्राच्या मधोमध उजळ गोल डाग देतात आणि छिद्र लहान करत गेलं की डाग ठळक होतो. एकाच दृश्याचे एफ/४, एफ/८, एफ/१६ असे फोटो घेऊन मधला भाग बघावा. माझ्या १८-७०ला हा त्रास नाही. ह्यांची एक महागाची लेन्स मात्र एफ/११ला साफ नापास झाली.

पाणी बघायचं तर राकसकोप. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय, बेळगाव शहराला पिण्याचं पाणी तिथूनही येतं. पाणी अवरक्त किरण शोषतं आणि वरून परावर्तित होणारं आकाशही काळं, त्यामुळे निवांत पाणी शाईसारखं उतरतं आणि काठची झाडी त्यावर पांढरी उठते. जांबोटीच्या बाजूला दूरच्या डोंगररांगा नेहमीच्या फोटोत निळसर धुरकट दिसतात, त्या इन्फ्रारेडमध्ये एकामागून एक सुट्या उभ्या राहतात, कारण हवेतलं ते धूसरपण अवरक्त किरणांना कमी विखुरतं. पण धुक्यावर ह्याचा उपाय चालत नाही. धुक्याचे थेंब ह्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात. चोर्ला घाटात धुकं उतरलं की फिल्टर काढून ठेवावा.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती मला सगळ्यात आवडीची. १२०४ सालचं जैन मंदिर, काळसर दगडाचं. किल्ल्यात लष्कराची हद्द आहे आणि स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, तेव्हा आधी विचारूनच. बाहेरून घेतलेल्या फोटोत दगड गडद राहतो आणि भोवतीची झाडी उजळते, त्यामुळे नेहमी झाडांच्या गर्दीत हरवणारा मंदिराचा आकार मोकळा होतो. त्याच फोटोत एका बाईंची काळी छत्री आली, ती करड्याहूनही फिकट! काळे कृत्रिम रंग पुष्कळदा अवरक्ताला काळे नसतातच. लग्नातल्या काळ्या कोटांचंही असंच होतं.

महिन्यांचं म्हणाल तर पाऊस उघडल्यावरचा काळ, म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. झाडं पानांनी भरलेली, हवा धुतलेली, ऊन थेट आणि आकाशात पांढरे ढग. खानापूरची झाडी, चिकोडीकडचे उसाचे फड, दोन्ही तेव्हा ऐन भरात असतात. बैलहोंगलच्या काळ्या रानात तर उगवून आलेलं पीक काळ्यावर पांढऱ्या रेघा मारल्यासारखं दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊनच नसतं. एप्रिल-मेमध्ये ऊन असतं, पण पानझडीच्या रानात उजळायला पानंच उरत नाहीत, आणि तापलेल्या सेन्सरमुळे लांब एक्सपोजरमध्ये रंगीत ठिपके वाढतात.

सेन्सरवरची काच काढून तिथे इन्फ्रारेड फिल्टर बसवून देणारे कारागीर आहेत. मग ट्रायपॉड लागत नाही आणि व्ह्यूफाइंडरमध्येही नेहमीसारखं दिसतं. घरी उघडायच्या भानगडीत मात्र पडू नये, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढली तरी ते राहतात. मी डी७० अजून तसाच ठेवलाय. सेकंदभर थांबायला माझी हरकत नाही. पुढच्या रविवारी हलशीला जायचं आहे, तिथल्या कदंबकालीन देवळांभोवती झाडी कशी आहे ते ह्यांना आधी बघून यायला सांगितलंय.