रिपोर्ट चांगला आला तेव्हा

बऱ्या न होणाऱ्या आजारांचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं यांच्याशी बोलणं हे माझं काम. उपशामक सेवा विभागात मी समुपदेशक आहे. वाईट बातमीनंतर काय बोलावं, काय बोलू नये, हे सरावाने कळतं. त्या दिवशी मात्र बातमी चांगली होती.

गृहस्थांना फुप्फुसाचा कर्करोग होता, चौथ्या टप्प्यातला. अंथरुणाला खिळलेले, ऑक्सिजन चालू. मग जनुकीय तपासणीत एका विशिष्ट गोळीला दाद देणारा बदल सापडला, गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत ते स्वतःच्या पायांनी ओपीडीत आले. स्कॅनमध्ये गाठ बरीच आकसलेली. अशा गोळीने या टप्प्यातला रोग मुळातून जात नाही, बहुतेकांचा पुढे कधीतरी तिला जुमानेनासा होतो. पण मधला काळ खराच असतो, कधी चांगला मोठाही. डॉक्टर खूश होते, गृहस्थ तर हसत होते. त्यांच्या पत्नीने मला बाजूच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

“ताई, मला आनंदच होत नाहीये. मी यांना मनातून केव्हाच पोचवून आलेय.”

बँकेची कामं उरकली होती. नंतर कुठे राहायचं तेही ठरलं होतं. कपडे देऊन टाकले होते. “सकाळी यांनी निळा शर्ट मागितला आणि मी चिडले. नवरा बरा होतोय म्हणून चिडले! मी कसली बाई आहे?”

मी तिला एरिक लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाबद्दल सांगितलं. बॉस्टनमधल्या एका नाइटक्लबला 1942 साली आग लागून 492 माणसं गेली. त्यांच्या आप्तांबरोबर लिंडेमान यांनी काम केलं आणि 1944 मध्ये शोकावर निबंध लिहिला. आधीच सुरू होणाऱ्या शोकाची नोंद त्यात आहे. एक सैनिक आघाडीवरून सुखरूप परतला, तर बायको घटस्फोट मागू लागली. तो मरणार या धास्तीत तिचा शोक इतका पुरता करून झाला होता की त्याच्यासाठी मनात जागाच उरली नव्हती.

“म्हणजे हे आधीही कुणाचं झालंय?” तिने विचारलं आणि मग खूप वेळ रडली. मी रडू दिलं. अशा वेळी माणसाला उपदेशापेक्षा सोबत हवी असते, मग ती ऐंशी वर्षांपूर्वीच्या अनोळखी बाईची का असेना.

मन आधीच घट्ट करून ठेवलं की नंतरचा धक्का सौम्य होतो, असं सगळेच म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. काय घडणार हे माहीत असणं, कागदपत्रं मार्गी लावणं, बोलायचं ते बोलून घेणं याने पुढचं सोसायला मदत होते. पण आधी फार शोक केलेल्यांना नंतरही फार होतो, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. आधी रडलेलं नंतर वळतं होत नाही. आणि दुखू नये म्हणून माणसातून मन काढून घेतलं, तर तो जिवंत असतानाच एकटा पडतो. या दुसऱ्या नुकसानाबद्दल आपण फार कमी बोलतो, याचं मला वाईट वाटतं.

तिच्या परवानगीने गृहस्थांना आत बोलावलं. ती अडखळत सगळं बोलली, शर्टाचंही. ते म्हणाले, “मला कळत होतं गं. तू औषध वेळेवर द्यायचीस, पण माझ्याकडे बघायची नाहीस. म्हणून मीही काही मागायचं सोडलं होतं.”

तिला भीती एकच होती: पुन्हा जीव लावायचा आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून भोगायचं? हो, तसंच होणार होतं. मी ते नाकारलं नाही. रोज थोडा वेळ आजार सोडून बोला, एवढंच सुचवलं. बाहेर पडताना गृहस्थ शर्टाचा रंग कसा हवा यावर वाद घालत होते, आणि ती घालू देत होती.

गोळीचा परिणाम सव्वा वर्षाहून अधिक टिकला. ते गेल्यानंतर ती भेटायला आली. दुःख कमी झालं का, असं मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं, “नाही झालं. पण या वेळी मी शेवटपर्यंत तिथेच होते.”