उसातली भर दुपार

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

भयपटाबद्दल त्याच रात्री लिहायचं नाही, हा माझा नेम. रात्री सगळंच भयंकर वाटतं. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना जे आठवतं, तेवढंच वहीत उतरवायचं. आज नेम मोडतेय, कारण झोप लागत नाहीये.

दुपारी आईसोबत कमाल अमरोहींचा 'महल' पाहिला. 1949 चा सिनेमा. पडकी हवेली, झुलणारं झुंबर, घड्याळाचे टोले, आणि मग लांबून येणारे ते सूर. लताबाई सांगायच्या, की आवाज दुरून जवळ येतोय असं वाटावं म्हणून त्या खोलीच्या कोपऱ्यातून गायला सुरुवात करून मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. आज कान देऊन ऐकलं. आवाज खरंच पावलं टाकत येतो. गंमत म्हणजे 'महल'मध्ये भूत नाहीच, माळ्याची मुलगी आहे. तरी अशोक कुमारचा नायक त्या नसलेल्या भुतापायी स्वतःचा आणि बायकोचा संसार धुळीला मिळवतो. मधला भाग रेंगाळतो, आईला एक डुलकीही लागली, पण त्या पाच मिनिटांसाठी मी हा सिनेमा पुन्हा बघेन.

हल्लीचे बरेच भयपट मला दचकवतात. आरशात कुणीतरी दिसतं, कानठळ्या बसतात, काळजात धस्स होतं आणि दोन मिनिटांत मी शेंगदाणे खात असते. दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. भीती घरी सोबत येते.

'लपाछपी' तशी आली. विशाल फुरियांचा हा सिनेमा 2017 चा. पुढे त्यांनीच 2021 मध्ये हिंदीत 'छोरी' केला. सावकाराच्या धाकाने शहर सोडून एक जोडपं उसाच्या फडातल्या घरात आसऱ्याला येतं. बायको पोटुशी. पूजा सावंतने ती फार मनापासून केलीय. घरातली तुळसाबाई तिचं सगळं मायेने करते. उषा नाईक यांनी त्या मायेतच अशी धार ठेवलीय, की ती ताट वाढते तेव्हाच पोटात गोळा येतो.

आणि ऊस. माझं आजोळ उसाच्या पट्ट्यातलं. पुरुषभर वाढलेल्या उसात भर दुपारीही चार सऱ्या आत गेलं की दिशा कळत नाही. वारा नसतो, तरी पाती सळसळतात. हाताला कापतात, मानेत कुसं जातात. "उसात एकटीने जायचं नाही," हे आजीने इतक्यांदा बजावलंय, की पडद्यावर लख्ख ऊन असूनही मी पाय वर घेऊन बसले. अंधार न वापरता भीती घालणं अवघड काम आहे. या सिनेमाला ते जमलंय. शेवटाकडे सगळं बोलून दाखवलंय, ते थोडं कमी चाललं असतं.

पण झोप उडालीय ती फडामुळे नाही. तिथली भुतं आहेत ती जन्माला न येऊ दिलेल्या, जगू न दिलेल्या मुलींची. आपल्या महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 2001 च्या जनगणनेत 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 मधला. म्हणजे कायदा असतानाही आकडा खाली आला. हे कुठल्या पडक्या हवेलीत घडलं नाही. दिवसाढवळ्या, केसपेपर काढून, घरच्यांच्या संमतीने घडलं.

सिनेमा संपल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून पाणी प्यायली, आणि ओट्याकडे तोंड करूनच म्हणाली, "तुझ्या आजीची बाळंतपणं आठ झाली होती गं. आम्ही भावंडं मात्र पाचच."

"बाकीची?"

"आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही."

ती आता आत निजलीय. मधलं दार उघडं ठेव म्हणाली. ठेवलंय.