गर्भाची पिशवी काढली की कॅन्सर टळतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याकडं निघतात आणि त्याच्या आधीच्या पंधरा दिवसांत हा प्रश्न मला हमखास येतो. सोळा वर्षं झाली उपकेंद्रात सिस्टर म्हणून, आधी बीडकडं, आता धाराशिव जिल्ह्यात, पण विचारायची पद्धत सगळीकडं तीच, दारातच उभं राहून, पदर तोंडाला लावून, "सिस्टर, पिशवी काढून टाकली की क्यान्सर होत न्हाई ना?"

खोटं कशाला बोलू, उत्तर अर्धं 'हो' आहे. पिशवी तोंडासकट काढली तर पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळपास टळतो. पण हा कॅन्सर होणार असं त्या बाईला सांगितलं कुणी? बहुतेक वेळा झालेलं असतं एवढंच की अंगावरून पांढरं जातंय, कंबर भरून येतीय, म्हणून ती तालुक्याला गेली, सोनोग्राफी झाली आणि समोरचा म्हणाला की पिशवीला सूज आहे, आज ना उद्या कॅन्सर होईल, काढून टाका.

माझ्या चुलत जावेचं असंच झालं. अठ्ठावीस वर्षांची, दोन लेकरं, टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीतलेच पैसे ऑपरेशनला गेले. मी तेव्हा नोकरीच्या गावी, मला कळलं टाके निघाल्यावर. तिची फाईल मी दोनदा चाळली, रक्त, सोनोग्राफी, बिलाची पावती, सगळं आहे, पण पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघितल्याचा एक कागद नाही. अंडाशयं पण काढलीत हे तर तिला सहा महिन्यांनी माझ्याकडनं कळलं, रात्री दरदरून घाम का फुटतोय म्हणून विचारायला आली तेव्हा. आज छत्तिशीत तिला मोळी डोक्यावर घेऊन उठता येत नाही.

ती एकटी नाही. 2019 मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसात खाडा झाला की मुकादम पाचशे कापतो, म्हणून कटकटच नको असं बायकाच म्हणतात असं काही जण सांगतात, आणि ते खोटं नाही, पण भीती कॅन्सरची घातलेली असते हे सांगायला मात्र सगळे विसरतात.

आणि मला राग येतो तो ह्याचा की ह्या भीतीवरचा इलाज आमच्याच गावांत सिद्ध झालाय. 1999 ला तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं 52 गावगटांतल्या, तिशी ते साठीच्या आतल्या एक लाख एकतीस हजारांवर बायका अभ्यासाला घेतल्या. माझी आई त्यातलीच, तिला अजून गाडी आठवते आणि शाळेच्या वर्गात लावलेला पडदा. काही गटांत एचपीव्ही ह्या विषाणूची तपासणी केली, हा कॅन्सर बहुतेक त्याच्यामुळंच होतो. ज्या गटाला काहीच तपासणी दिली नव्हती त्यातल्या 64 बायका ह्या कॅन्सरनं गेल्या, आणि एचपीव्ही तपासणीच्या गटात, जो थोडा मोठाच होता, 34. एकदाच तपासून! 2009 ला हे जगभर छापून आलं. तपासणी न दिलेल्या बायकांवरून पुढं टीकाही झाली, ती मला पटते, तो 64 चा आकडा मला बोचतो. पण जे कळलं ते आमच्या आयाबायांच्या अंगावर कळलंय, आणि त्याच जिल्ह्यातल्या बायका आज मला पिशवी काढू का म्हणून विचारायल्यात.

एचपीव्हीची टेस्ट आमच्याकडं अजून सहज होत नाही. होतं ते व्हीआयए, म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड लावायचं, व्हिनेगरसारखंच असतं ते, मिनिटभर थांबायचं, पांढरा चट्टा उठला तर पुढं पाठवायचं. हे तेवढं भारी नाही हे त्याच अभ्यासात दिसलं, पण मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी हेच केल्यावर मरणारींचं प्रमाण 31 टक्क्यांनी उतरलं, म्हणून जे हाताशी आहे ते करून घ्या म्हणते मी. संसर्गापासून कॅन्सरपर्यंत जायला दहा-वीस वर्षं लागतात, चट्टा आधी सापडला तर तेवढाच गोठवून किंवा काढून भागतं, पिशवी जागेवर राहते. मात्र पाळी बंद झाल्यावर परत रक्त दिसलं किंवा संबंधानंतर जायला लागलं तर शिबिराची वाट बघू नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा.

दुसऱ्यांना एवढं सांगणाऱ्या मी स्वतःची तपासणी एक्केचाळिसाव्या वर्षी केली. लाज, दुसरं काय, आपल्याच सेंटरला आपल्याच मैत्रिणीपुढं टेबलावर पडायचं म्हणजे.

परवा जी दारात उभी होती तिला आत घेतलं. चट्टा बिट्टा काही नाही, साधं इन्फेक्शन. मॅडमनी गोळ्या लिहून दिल्या, नवराबायको दोघांनीही घ्यायच्या, नाहीतर परत होणार. ती पदरात हसली, म्हणाली, "त्येला तुमीच सांगा, माझं ऐकायचा न्हाई." संध्याकाळी गेले मग. तो बैलगाडीला वंगण लावत होता, गोळ्यांची पट्टी बघून म्हणाला, "मला काय झालंय?"